लाल चौकोन कुणावर होता

लांगेलांड,
बटाटे काढून झाले, त्यानंतरचा रविवार

तीर्थरूप गेर्दा आत्या,

साष्टांग नमस्कार घालायचा तर गुडघा परवानगी देत नाही, म्हणून उभ्या उभ्या टोपी काढून नमस्कार करतो, तो गोड मानून घे. तुझा नवा खुबा जुन्या शरीरात रुळला का? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हणून सांगितलं आणि तू त्याच दिवशी माळ्यावर चढून प्लमच्या जामच्या बरण्या उतरवल्यास, असं दोर्ते सांगत होती. (ऐकून बरं वाटलं. कुणी कुणाचं ऐकायचं नाही ही आपल्या घराण्याची रीत तुझ्यापासून सुरू झाली आणि माझ्यापर्यंत सुखरूप पोचली.) माझी तब्येत उत्तम आहे. डोळे तर फारच उत्तम आहेत. डोळ्यांचं मी मुद्दाम लिहितो आहे.

कारण प्रेबेनने तुला फोन केला होता, हे मला कळलं आहे. प्रेबेन म्हणजे माझ्या बहिणीचा, आपल्या दोर्तेचा दीर, तिच्या नवऱ्याचा, फ्लेमिंगचा धाकटा भाऊ, तो ट्रॅक्टर विकणारा, ज्याने मागच्या नाताळात तुझ्या खुर्चीत बसून तुलाच स्टूल दिलं होतं. जूनमध्ये दोर्ते आणि फ्लेमिंगच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या समारंभाचे फोटो टोर्किलने (म्हणजे मी) मातीत घातले, त्याला आता दिसत नाही, तेव्हा ऑक्टोबरात तुमच्या नव्वदीचे फोटो मी माझ्या फोनवर काढतो, असं तो तुला म्हणाला. आणि तू म्हणालीस, "बघू." आत्या, तुझं 'बघू' मी लहानपणापासून ओळखतो. आमच्या कुत्र्याबद्दल तू 'बघू' म्हणालीस आणि चार दिवसांत कुत्रा पाद्रीबुवांच्या अंगणात भुंकत होता.

म्हणून हे पत्र. फोटोवाला कोण, हा तुला किरकोळ प्रश्न वाटेल. मला वाटत नाही. समारंभात गळ्यात कॅमेरा असला की मी कुणीतरी असतो. लोक मला वाट करून देतात, म्हाताऱ्या बायका केस सारखे करतात, आणि मला कुणाशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागत नाहीत. कॅमेरा काढून घेतला, तर हात कुठे ठेवायचे हे मला एवढ्या आयुष्यात समजलेलं नाही. खिशात ठेवले तर उद्धट दिसतो, मागे बांधले तर दफनविधीला आल्यासारखा दिसतो. एक बिनबायकोचा माणूस, केकच्या टेबलाजवळ, दोन रिकामे हात घेऊन उभा. तसा मी तुझ्या नव्वदीला येणार नाही. हे तुला स्पष्ट सांगून ठेवतो.

आता जूनमध्ये काय झालं ते ऐक. तू दवाखान्यात होतीस, तेव्हा तुला सगळं प्रेबेनच्या तोंडूनच कळलेलं आहे, आणि त्या तोंडातून आलेली गोष्ट आधी चाळून घ्यावी लागते. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी दारावर देवदाराच्या फांद्यांची कमान उभारली, सकाळी आम्ही सगळे दाराबाहेर गायला जमलो, आणि दोर्ते व फ्लेमिंग झोपेतून दचकून उठल्यासारखे झग्यात बाहेर आले. (दोर्तेने झग्याखाली चांगले बूट घातले होते आणि ओठ रंगवले होते. झोपेत.) गाण्याला अकॉर्डियनची साथ विबेकेची होती. विबेके आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. नवरा स्वीडनला गेला तो तिकडचाच झाला, त्यालाही आता खूप वर्षं झाली. ती स्तोत्रं इतक्या जलद वाजवते की तिच्या हाताखाली दफन झालेला माणूस कॉफीच्या वेळेच्या आत जमिनीत असतो. बोलणंही तसंच, थांबा-वळण काही नाही. असो. तिचा या पत्राशी तसा संबंध नाही.

मी दिवसभर फोटो काढले. कमानीखालचे काढले, हेरिंग माशांच्या ताटांचे काढले, पाहुण्यांनी काटे-चमचे बडवल्यावर दोघं खुर्च्यांवर चढून चुंबन घेतात त्याचे काढले, फ्लेमिंग भाषणात रडला त्याचे काढले. घरी येऊन त्यातले बरे निवडले, धुतले-पुसले, आणि सगळ्यांना पाठवले. आणि मग दोर्तेचा फोन आला.  ती म्हणाली, "टोर्किल, पंचवीस वर्षं टिकलो रे आम्ही. आणि पुरावा म्हणून धुकं?" पाहतो तर खरंच, जिथे तिथे नवरा-बायको धूसर. जणू दोघं हलकेच वाफाळतायत. तिचा आवाज रडवेला होता, आणि ते मला लागलं. प्रेबेनने काढलेले फोटो स्वच्छ होते, पण प्रत्येकात पुढे प्रेबेन आणि मागे, जागा उरली तर, समारंभ.

मी म्हणालो, कॅमेऱ्याचा दोष असणार. प्रेबेन म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" तेही भरल्या बेकरीत, रांगेत, माझ्या पुढे उभा राहून. त्या क्षणी मी ठरवलं की अंगण खरोखरच वाकडं आहे हे सिद्ध केल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

तुला यातलं माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. आपण बटण अर्धं दाबतो तेव्हा कॅमेरा एका ठिकाणी नजर रोखतो. ती जागा स्पष्ट येते, बाकीचं मऊ होतं. ती नजर नेमकी कुठे रोखली होती, हे कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात लपवून ठेवतो. मी ज्यात फोटो सुधारतो तो प्रोग्रॅम मात्र याबाबतीत तोंड मिटून बसतो. त्याला एक जोड (प्लग-इन म्हणतात ती) बसवावी लागते, मग त्या जागेवर लाल चौकोन दिसतो. म्हणजे चौकोन दोर्तेच्या नाकावर आणि दोर्ते धूसर, असं दिसलं की संपलं! टोर्किल निर्दोष, कॅमेरा दोषी. ओडेन्स शहरातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, फोटो बिघडलाय ना, मग खोडून टाका, चौकोन कशाला बघता? (हल्ली सगळ्यांना खोडायची घाई. चौकशीची आवड कुणाला नाही.) जोड मी स्वतः मिळवली आणि स्वतः बसवली. पहिल्यांदा चौकोन दिसलाच नाही, कारण धुऊन-पुसून पाठवलेल्या फोटोंच्या पोटातून ही माहिती नाहीशी होते म्हणे. मूळ फोटो हवेत. ते ज्यात होते ते कॅमेऱ्याचं कार्ड कॉफीच्या डब्यात सापडलं. तिथे ते का होतं, हे मला विचारू नकोस. मग उभ्या फोटोंत चौकोन आडवा पडून भलतीकडे जाऊ लागला, फ्लेमिंगऐवजी झेंड्याच्या काठीवर. पण मी हार मानली नाही. नवी जोड शोधली, आणि शेवटी हेरिंगच्या ताटावर लाल चौकोन असा काही चपखल बसला की मी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

आत्या, तू म्हणशील की बाकीचे फोटो आधी घरी का पाहिले नाहीस. कारण मी निर्दोष होतो. निर्दोष माणूस पुरावा आधी तपासून पाहत नाही, तो सरळ गाव जमवतो. आमच्याकडे गुरुवारी गावाच्या सभागृहात सगळे मिळून जेवतात. तिथे फुटबॉलसाठी आणलेला मोठा पडदा आहे. मी सांगितलं, गुरुवारी जेवणाआधी सगळ्यांनी पडद्याकडे तोंड करून बसावं.

सगळे आले. दोर्ते-फ्लेमिंग पुढे, प्रेबेन त्यांच्याही पुढे. विबेके गाण्यांच्या साथीला पियानोजवळ, पाठ करून बसलेली. आत तळलेल्या डुकराच्या मांसाचा वास सुटला होता, म्हणजे लोकांचं लक्ष अर्धंच, पण मला तेवढं पुरे होतं. मी भाषण केलं. विज्ञान, न्याय आणि बेकरीत केलेली बेअब्रू, या तिन्हींना स्पर्श केला. आणि कमानीचा फोटो लावला.

लाल चौकोन अकॉर्डियनवर होता. बटणं इतकी स्पष्ट की एकावरचा ओरखडासुद्धा मोजून घ्यावा. मी म्हणालो, जोडीत काहीतरी बिघाड दिसतो. दुसरा लावला. खुर्च्यांवर दोन धूसर आकृत्या एकमेकांना चिकटलेल्या, आणि चौकोन खाली, ग्लासवर चमचा वाजवणाऱ्या हातावर. हात विबेकेचा. हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली. मी डगमगलो नाही. मी समजावलं की आम्ही जाणकार लोक आधी नजर रोखतो, मग बटण तसंच अर्धं दाबून कॅमेरा जरा वळवतो; चौकोन मात्र चित्रात जिथल्या तिथे राहतो, आणि तिथे नंतर कुणीही येऊ शकतं. तेव्हा चौकोनाखाली कोण आहे याला अर्थ नाही! फ्लेमिंगने मान डोलावली. प्रेबेनचंसुद्धा तोंड उघडं राहिलं. जिंकलोच होतो मी, आत्या.

आणि पियानोकडून आवाज आला. विबेके स्टुलावरच्या स्टुलावर वळली होती. "पण टोर्किल, नजर त्या दोघांवर रोखून मग वळवला असतास, तर ते दोघं स्पष्ट आले असते ना? आणि मी धूसर?"

 हे बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. पुढचं बटण माझ्या हातात होतं आणि पडदा बंद करायचंही. पण चौकशी सुरू केली की शेवटपर्यंत न्यायची, हा माझा स्वभाव. मी तिसरा लावला. फ्लेमिंगचं भाषण. फ्लेमिंग म्हणजे एक रडणारा ढग, आणि चौकोन विबेकेच्या कानावर, त्यातल्या चांदीच्या छोट्या माशावर. चौथा, तिची मान. पाचवा, पुन्हा कान. (दुसरा.) लोक आता टेबलं बडवत होते. प्रेबेन ओरडला, "अरे, हा समारंभ होता कुणाचा?" मी पुढे पुढे जात राहिलो, दुसरं काय करणार होतो. आणि मग अचानक एक फोटो आला ज्यात दोर्ते आणि फ्लेमिंग दोघंही लखलखीत. फ्लेमिंगच्या तोंडात केक आहे, दोर्ते त्याची हनुवटी पुसते आहे आणि हसते आहे, आणि लाल चौकोन बरोबर तिच्या डोळ्यावर. फ्लेमिंगच्या भरल्या तोंडामुळे हा फोटो मी निवडलाच नव्हता.

"हा कसा काय चांगला आला?" फ्लेमिंगने विचारलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "तेव्हा विबेके कॉफी आणायला गेली होती."

त्यानंतर जे हसणं झालं त्यात माझं काही उरलं नाही. दोर्ते मात्र हसता हसता रडत उठली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "अरे वेड्या, आधी सांगायचंस ना!" काय सांगायचं होतं? मलाच माहीत नव्हतं. खरंच नव्हतं, आत्या. कॅमेऱ्याला माहीत होतं. तो केकचा फोटो आता त्यांच्या सोफ्यावर टांगला आहे.

विबेके हसली नव्हती. ती उठून पडद्याजवळ गेली, साखळीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला, मला मागचा, कानातल्या माशाचा फोटो लावायला सांगितला आणि स्वतःचा कान बराच वेळ पाहिला. "माझा इतका चांगला फोटो कुणी काढला नव्हता," ती म्हणाली. "हा मला हवा. मोठा करून. आणि तू स्वतः आणून द्यायचास." मग पियानोवर बसली आणि जेवणाआधीचं गाणं असं काही जलद वाजवलं की आम्ही दुसऱ्या कडव्यात असताना ती संपवून मोकळी झाली.

तर आत्या, निष्कर्ष असा. गावासमोर, मोठ्या पडद्यावर, हे सिद्ध झालं आहे की माझा कॅमेरा निर्दोष आहे. माझे डोळे निर्दोष आहेत. मी जिथे पाहतो तिथलं केसागणिक स्पष्ट येतं, आणि असं प्रेबेनला उभ्या जन्मात जमणार नाही. तेव्हा तुझ्या नव्वदीचा फोटोवाला कोण, याचा निर्णय आता तुला जड जाऊ नये. खुब्याची काळजी घे आणि माळ्यावर चढायचंच असेल तर निदान मोज्यांनी चढू नकोस.

तुझा आज्ञाधारक (जमेल तेवढा) भाचा,
टोर्किल

ता. क. जामच्या दोन बरण्या माझ्यासाठी राखून ठेव. दोनच हव्यात, एक नको.

ता. क. २. फोटो मी नेऊन दिला. विबेकेने कॉफी दिली आणि म्हणाली की ऑर्गनवर स्वरांच्या वहीची पानं उलटायला माणूस हवाय, तुझे हात रिकामे असतात तर ये. गेल्या रविवारी गेलो. एकदा दोन पानं एकदम उलटली, पण तिच्या वेगात कुणाच्या लक्षात आलं नाही. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न तासभर आलाच नाही.

ता. क. ३. वरचा निष्कर्ष बरोबरच आहे, पण तो बाजूला ठेव. फोटो प्रेबेनलाच काढू दे. तू फक्त एवढं कर: विबेकेला वाजवायला बोलाव, आणि टेबलावर कुणी कुणाशेजारी बसायचं ते ठरवशील तेव्हा तिला हात देऊन आत नेणारा म्हणून माझं नाव घाल. 'बघू' म्हणू नकोस. 'हो' म्हण.

ता. क. ४. प्रेबेनला बजावून सांग, नव्वदी तुझी आहे, नजर तुझ्यावर रोखायची. आम्ही दोघं धूसर आलो तरी चालेल.