निर्दोष ठरविल्याबाबत हरकत

प्रति,
मा. कुलसचिव,
सीनातीर विद्यापीठ, सोलापूर.

विषय : अर्जदारास निर्दोष ठरविल्याचा आदेश रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश, दि. १८ ऑगस्ट २०२०.

महोदय,

१. अर्जदार अमृत रावजी लवटे आपल्या विद्यापीठात सव्वीस वर्षे इतिहास शिकवितात. खडूपलीकडे कोणतेही यंत्र त्यांनी हाती धरलेले नाही. ऑनलाइन तासांसाठी त्यांनी तीनदा प्रशिक्षण मागितले. उत्तरादाखल एका ओळीचे परिपत्रक आले : 'घरातील जाणकार व्यक्तीचे साहाय्य घ्यावे.' त्यामुळे ते काम पत्नी सौ. मुक्ताबाई यांच्या गळ्यात पडले. त्या पूर्वी टायपिंग शिकवीत.

२. दि. ७ ऑगस्ट रोजी भवानी पेठेतील राहत्या घरी तास चालू असता एन्टरचे बटण अडकले. कॅमेरा बंद, माइक चालू. सौ. म्हणाल्या, "अवो, मारा की! लई हळू मारताय, जोरात मारा!" अर्जदार ओरडले, "मारतोय की! अजून किती मारू? मेली बघ, हलंना!" मेली ती स्क्रीन. त्र्याऐंशी विद्यार्थ्यांनी मात्र बाई मेली असे ऐकले.

३. त्यांतील एक विद्यार्थिनी शेजारच्या गुरप्पांची मुलगी. गुरप्पा यंत्रमागावर काम करतात, एरवी देवमाणूस. त्यांनी मागाचा लाकडी धोटा उचलला, लाथेने दार फोडले आणि अर्जदाराच्या कपाळात घातला. सात टाके पडले, अडवायला घातलेल्या उजव्या हाताचे मनगट मोडले. "अवो, बटन मारत हुते!" असे किंचाळत सौ. मध्ये पडल्या, तोवर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. गुरप्पांविरुद्ध तक्रार नाही. बाईसाठी धावणारा शेजारी नशिबाने मिळतो. विद्यापीठाने मात्र पत्नीस मारहाण केल्याचा ठपका ठेवून अर्जदारास एका शब्दाने न विचारता निलंबित केले, याचा अर्जदारास भयंकर संताप आला.

४. दि. १७ रोजी चौकशी समितीही ऑनलाइनच बसली. प्लास्टरच्या हाताने काही जमेना. सौ. हळूच म्हणाल्या, "एन्टर मारा." अर्जदाराने डाव्या हाताने त्यांच्या तोंडात मारली. ओठ फाटला, दात हलला. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद होते, समितीला काही दिसले नाही की ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी निर्दोष ठरविल्याचा आदेश आला. सौ. त्याआधीच माढ्याला माहेरी गेल्या होत्या.

तरी सदर आदेश रद्द करून अर्जदारास शिक्षा व्हावी, आणि इतर प्राध्यापकांकडे शिकविणारे माणूस पाठवावे. सही डाव्या हाताची आहे. मारले तेही याच हाताने.

आपला नम्र व दोषी,
(सही)
अ. रा. लवटे
दि. १९ ऑगस्ट २०२०