माईकवर नाव घ्यायचं राहिलं

६ जाने.
सकाळी सलीमचा मेसेज. "दादा, आपला म्हातारा ऑफ झाला." फर्गल. एकवीस वर्षं त्याच्या सिनेमांत मराठीतला त्याचा आवाज मी. पाद्री, पोलीस, दारुडा बाप, सगळे माझ्या तोंडून बोलले. भेट एकदाही नाही. तिकडे आयर्लंडात त्याला माझं नाव माहीत असायचं काही कारणच नाही.
सुमन म्हणाली, "आता सुतक पाळणार का?" बायकोला चेष्टा सुचते. दुपारी जेवण गेलं नाही.

९ जाने.
त्याचा शेवटचा सिनेमा डबिंगला आलाय. अंधेरीचाच स्टुडिओ, रेकॉर्डिस्ट सलीमच. सिनेमात तो स्वतःचीच गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या वर्षी फिरत्या नाटक कंपनीत शिरला. चर्चच्या हॉलात प्रयोग, सामान स्वतः उचलायचं. पडद्यावर आला तेव्हा चाळिशी उलटलेली. तरी दर हिवाळ्यात नाटकाला परत.
मी पण कामगार रंगभूमीवरचाच. बाबा गेले, आईने नाटक सोडायला लावलं, सोडलं. परत गेलो नाही. एवढाच फरक, असं लिहिणार होतो. पण फरक मोठा आहे.

१२ जाने.
काम संपलं. शेवटचा सीन: खुर्चीत झोपलाय, खिडकीत उजेड. संवाद नाही, नुसते श्वास. हेडफोनमध्ये त्याचा मूळ आवाज, त्यावर श्वासाला श्वास लावत गेलो. शेवटी त्याचा थांबला. मी पण रोखला आणि वाट बघत बसलो. पुढचा आलाच नाही. सलीम काचेपलीकडून हात हलवतोय, कट झालं कधीच.

मला डबिंगला बसवणाऱ्या अण्णांनी शिकवलेलं, मरणाचा टेक झाला की माईकवरच स्वतःचं नाव घ्यायचं, पूर्ण, बापाच्या नावासकट. मगच दार उघडायचं, म्हणजे मेलेला आतच राहतो. फर्गलसाठी अकरा वेळा मेलो, अकरा वेळा नाव घेतलं. आज नाही घेतलं. स्क्रिप्टमध्ये झोपलाय लिहिलेलं. झोपेला कोण नाव घेतो?

१३ जाने.
अजब प्रकार. सकाळी नेहमीसारखा म्हणालो, "आई, चहा आणलाय." तर आई, "सुमन, बघ गे, कोण इलोसा."
काचबिंदूने दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली. माणसं आवाजावर ओळखते. दाराबाहेर खोकलो तरी "इलस?" म्हणणारी बाई. म्हटलं, "अगं, मी सदा." तर म्हणते, "तू सदा नाय."
शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१५ जाने.
सुमनला दहा वेळा विचारलं. "तुझा आवाज तोच आहे रे, डोकं खाऊ नकोस." घशाच्या डॉक्टरला दाखवलं. घसा साफ. आईला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तारीख, वार, मुलुंडला कधी राहायला आलो, आधी कुठल्या चाळीत होतो, सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्मृती उत्तम आहे.
येताना रिक्षात माझा हात धरून बसली होती. मी गप्पच होतो. हात चाचपून म्हणाली, "सदा, कामार गेलंस नाय आज?" जीव भांड्यात पडला. म्हटलं, "नाही गं, सुट्टी घेतली."
हात सोडला. झटकला नाही, हळूच सोडला.
"हात सदाचो," म्हणाली. "बोलता तो दुसरो."

१८ जाने.
दोन दिवस गावाला गेल्याचं नाटक करून घरात मुका फिरतोय. आज पेपर वाचताना विसरून सुमनशी बोललो. आई आतून, "पावणो अजून आसा? बसान्दे बापड्याक. त्याचो भाव बावीत पडलो लहानपणी. तेव्हापासून पाण्याक भियता."
सुमन माझ्याकडे बघते, मी सुमनकडे. माझा भाऊ दुबईत आहे, ठणठणीत. कधी विहिरीत पडलेला नाही.
"तुला कुणी सांगितलं गं?" हे सुमनने विचारलं.
"तोच सांगी होतो काल."
काल मी तोंड उघडलेलं नाही.

१९ जाने.
स्टुडिओत गेलो. सलीमला म्हटलं, मूळ आवाजाची फाईल लाव, पूर्ण, कापलेलं पण. खुर्चीच्या सीनआधी, कॅमेरा चालू व्हायच्या आत, फर्गल कुणाशी तरी बोलतोय. विहीर. धाकटा भाऊ. "आई मला म्हणाली, तू त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं होतंस." आम्ही हा भाग कधी ऐकलाच नव्हता, डबिंगला लागतच नाही.
सलीमने अजून एक सांगितलं. कंपनीच्या मेलमध्ये होतं म्हणे, त्याने वाचलं पण बोलला नाही. "दादा, त्या शॉटनंतर तो उठलाच नाही. सिनेमा पुरा होईपर्यंत कंपनीने बातमी दाबून ठेवली."
म्हणजे झोप नव्हती. आणि मी श्वासाला श्वास लावत गेलो.

२२ जाने.
सलीमला सगळं सांगून टाकलं. हसला नाही. "चला दादा, त्याच माईकवर घेऊ. यात काय जातंय?" तोच सीन लावला. श्वास दिले, तो थांबला तसा थांबलो, मग नाव घेतलं. सदानंद, पुढे बाबांचं, पुढे आडनाव. दोनदा. सलीमने परत ऐकवलं. "तुमचाच आवाज आहे, कसम से." मला पण माझाच वाटला.
घरी आलो. दारातूनच, "आई, आलो गं."
"इलो काय पावणो? बस. चाय घेतलंस?" किती प्रेमाने विचारते.
बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. साठीला आलेला माणूस.

२६ जाने.
खाली झेंडावंदन, लाऊडस्पीकर. आईला ताप आहे दोन दिवस, खात नाही. चार दिवस मी एक शब्द बोललेलो नाही. सुमनशी पण खुणेने. स्टुडिओचे फोन घेत नाही. पण आईचा हात हातात असतो आणि तिच्यासाठी मी सदा असतो. एवढं चालतं.

आज दुपारी पेज भरवली. दोन चमचे. मग म्हणाली, "सदा, तू बोलणस नाय. माझ्यार रागावलंस."
मी मान हलवली. तिला कशी दिसणार.
"नाटक सोडूक लावलंय तुका. घर चालूक होया होता, पण ता चुकला माझा. तुझा नाटक मी एकदा बघलंय, तुका सांगूक नाय. मागे उभी रवलंय. बरा करी होतंस रे."

तीस वर्षं हे ऐकायला थांबलो होतो. मला तर माहीतही नव्हतं की ती आली होती.
"काही चुकलं नाही आई." एवढंच म्हणायचंय. ओठावर आलंय. म्हटलं तर ते पाहुण्याने म्हटलेलं होणार, आणि तिने सांगितलेलं सगळं पण पाहुण्यालाच सांगितलेलं होणार. नाही म्हटलं तर मुलाने माफ केलं नाही.
हात दाबला, तिने पण दाबला, पण ती थांबलीय. दाबून भागत नाही तिचं.

पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात आलो, ते हे लिहीत बसलोय. पेला भरलाय. खोलीतून विचारतेय, मी आहे ना म्हणून.
"सदा? आसस मां?"