बेचाळिसावा आवाज

६ नोव्हेंबर २००४
नव्या घरात आलो. पाथर्डी फाट्याजवळ, तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, नळाला दोन्ही वेळा पाणी आहे. माझी मुलगी दीपमाला बंगळूरला असते. तिने फोनवर विचारलं, आप्पा, घर आवडलं का? मी म्हटलं, झकास आहे. खरंच आहे. फक्त जिना चढताना दम लागतो.

सगळ्यात आधी कॉम्प्युटर लावून घेतला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण चालू-बंद करणं आणि आवाज लावणं दीपमालाने शिकवलं आहे. त्यात वत्सलाचे एकेचाळीस आवाज आहेत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला दीपमालाने आईसमोर माईक धरला होता. जात्यावरच्या ओव्या, शेंगदाण्याची चटणी कशी कुटायची, आणि मधूनच मला बोलणं, की अहो, पंखा बंद करा, आवाज येतोय त्यात.

वत्सला चैत्रात गेली. रामकुंडावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दीपमालाला सांभाळेन म्हटलं, दारू सोडली आहेच म्हटलं, तरी नाही. शेवटी मी म्हटलं, तुझा एक शब्दही वाया जाऊ देणार नाही. तेव्हा शिवला.

९ नोव्हेंबर
रोज दुपारी जेवताना एक आवाज लावतो. दीपमाला रागावते, की या सगळ्याची सीडी करून ठेवा, मशीनचा काय भरवसा. घराच्या दोन चाव्या ठेवता ना, तसंच हे. कुंदन म्हणून कॉम्प्युटरवाला आहे, तो करून देईल. दिवाळी झाली की बोलावतो. उगाच सणासुदीला कोणाला त्रास द्यायचा.

खालच्या मजल्यावरच्या मंगलाबाईंनी चकल्या दिल्या. एकटेच का, विचारलं. एकटाच, म्हटलं.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
माझ्या हातून काय झालं ते लिहून ठेवतो.

सकाळपासून घर झाडलं. कॉम्प्युटरही साफ करावा म्हटलं. त्यात वत्सलाच्या नावाची दोन पुडकी दिसली, दीपमाला त्यांना फोल्डर म्हणते. एक समोरच, खाली छोटा बाण असलेलं. दुसरं आत खोल. तेच ते दोनदा कशाला, म्हणून आतलं टाकून दिलं. ते केराच्या डब्यात गेलं. दिवेलागण व्हायला आली होती. दिवे लागल्यावर केर बाहेर टाकायचा नाही आणि लक्ष्मीच्या दिवशी तो घरातही ठेवायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून तो डबाही घाईघाईने रिकामा केला.

मग पणती लावून बाणवाल्यावर बोट दाबलं, तिची ओवी ऐकावी म्हणून. काही लागेना.

१३ नोव्हेंबर
कुंदन देवमाणूस. सणाचा आला. म्हणाला, बाबा, बाण म्हणजे नुसती पाटी हो. घर पाडलंत आणि पाटी ठेवलीत! मला रडू आलं, तेव्हा त्याने पाणी दिलं. म्हणाला, पुस्तक फाटलेलं नाही, फक्त अनुक्रमणिका खोडली गेली आहे. पानं आत आहेत. नवं काही त्यांच्यावर लिहिलं गेलं नाही तोवर मिळतील.

तीन तास बसला. सगळे आवाज मिळाले. नावं गेली, नुसते आकडे उरले. पण ते बेचाळीस निघाले. मी म्हटलं, एकेचाळीस होते. तो हसला, की गेलेलं शोधायला गेलं की कधी कधी दुसऱ्याचंही हाती लागतं.

सीडी करायचं यंत्र त्याच्या दुकानात, दुकान बंद. तो भाऊबीजेला बहिणीकडे वणीला जातो आहे. वीस तारखेला येईन म्हणाला. जाताना बजावलं, की डिस्क भरलेली आहे, नवं काही येऊ देऊ नका. नवं आलं की ते जुन्यावर बसतं.

१४ नोव्हेंबर
बेचाळिसावा आज ऐकला.

आधी खरखर. मग वत्सला. ती म्हणते, अहो, किती हो जिने. दम लागला.

वत्सलाने हे घर कधी पाहिलं नाही. सातपूरला आम्ही तळमजल्यावर होतो.

१५ नोव्हेंबर
परत लावला. आज त्यात वेगळंच आहे. मंगलाबाईंच्या चकल्या कडक झाल्यात, म्हणते. मी हसलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी बोललं.

मग चटणीचा आवाज लावला. तो नाही. त्या आकड्यावर नुसती खरखर. बेचाळिसावा सोडून उरलेले मोजले. चाळीस.

१६ नोव्हेंबर
दीपमालाला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, आप्पा, नुसती खरखर येते आहे, गोळ्या घेता ना? मला तर स्पष्ट ऐकू येत होतं. वत्सला म्हणत होती, पोरीला कशाला सांगता.

सहा ओव्या गेल्या. बेचाळिसावा मोठा होतो आहे. ही वत्सला नाही. वत्सलावर बसून वत्सलाच्या आवाजात बोलणारं काहीतरी आहे. ठरवलं, आता लावायचा नाही. वीसपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

१७ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. घर फार शांत. एकदाच लावला.

एकदाच नाही.

१८ नोव्हेंबर
दुपारी तीन तास वीज नव्हती. संध्याकाळी मंगलाबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, बाबा, घरचं माणूस आलं वाटतं गावाहून, बरं झालं. दुपारभर बाईंचा आवाज येत होता. तुम्हीही छान उत्तरं देत होता.

दुपारी मी झोपलो होतो.

वायर काढली. मशीनवर चादर टाकली. त्याआधी बघितलं तेव्हा एकच ओवी शिल्लक होती, पहिली. ती ऐकायची नाही. तेवढी तरी कुंदन सीडीवर घेईल. मी रामकुंडावर शब्द दिला आहे. एवढी तरी.

१९ नोव्हेंबर, सकाळ
चादरीखालून बोलते. डिस्कमध्ये आता जागा नाही म्हणते. तुमच्यात आहे, म्हणते.

कुंदन उद्या येणार. उद्याच.

दुपार
सातपूरच्या घराला कोणता रंग होता — आठवत नाही. तिथे खरखर आहे. लग्न कुठल्या गावी —

फोन वाजला. एक बाई मला आप्पा म्हणत रडत होती. आवाज ओळखीचा होता. कोण ते विचारलं, तर जास्तच रडली.

४ वाजता
कोणीतरी स्वयंपाकघरात शेंगदाणे कुटतं आहे. वास छान येतो. भीती वाटायला हवी, पण कशाची ते —

ओवी राखायची आहे. एवढं हातावर लिहून ठेवलं आहे. कोणाची ओवी? माझ्या बायकोची. तिचं नाव — तिचं नाव मीच या वहीत लिहिलं आहे, पहिल्याच दिवशी, रामकुंडाच्या अलीकडे. पान सापडलं. डोंगर आहे, नळ आहे, माईक आहे. आणि जिथे नाव होतं तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, खरखर