वरवर गोड कॉलेज

चि. दौलत, नाशकाहून आईचा आशीर्वाद.

फोनच केला असता, पण तुझी पोरगी वेदिका कान लावून बसते.

तिच्यासाठी तू म्हणतो ते जवळचं कॉलेज बघितलं. दारातच सायबानं आजी आजी करत चहा पाजला. एवढी आर्जवं कशापायी? ट्रॉलीत चांगला कांदा वर लावतात, म्हणून तर आपण मधी हात घालून बघतो. मी तशीच मागं गेले. प्रयोगशाळेला कुलूप, अन् कुलपाला कोळ्याचं जाळं!

यांचे सारखे फोन, पण पुण्याच्या विद्यापीठानं एकदाबी फोन करून बोलावलं नाय. मला तेच बरं वाटलं. पोरीला तिकडंच घाल.

गाय व्याली का?

लांब पडतं म्हणून रडू नको. जवळ राहून पोरीनं कुलूप शिकायचं का? पुण्यालाबी मी आधी मागच्या अंगानं बघून येणार हाय.

तुझी आई,
बयाबाई