मोजायचं काम फिलूचं

५ जानेवारी, रविवार

परळच्या शाळेच्या हॉलमध्ये पहिली तालीम. विभागाच्या संगीत महोत्सवात यंदा फोर्टकडचा पगारी वाद्यवृंद आमच्याबरोबर वाजवणार आहे. आम्ही म्हणजे भायखळ्याचे हौशी, अकरा जण, वयं न लिहिलेली बरी. शिवाय लालबागची बेंजो पार्टी. तिघांसाठी मिळून नवी रचना लिहून घेतली आहे.

एका स्टँडवर त्यांचा एक, आमचा एक, असं बसायचं ठरलं. दोघांत एकच कागद. माझ्या शेजारी ईशा नावाची मुलगी, तिशीची असेल. व्हायोलिन काय सुरेख धरते. फिलूच्या, शाळेपासूनच्या माझ्या जोडीदारणीच्या, खुर्चीवर बसली. तिला काय माहीत.

कागद कोरा करकरीत. आमच्या जुन्या कागदांवर फि.च्या पेन्सिलीच्या खुणा असायच्या. अवघड जागी चष्म्याचं चित्र. म्हणजे, डोळे उघड सुनंदा.

करी रोडला घरी. सतरावा मजला आला हे लिफ्टमधल्या रेकॉर्डवरच्या बाईने सांगितलं. त्यानंतर झोपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

१२ जानेवारी, रविवार

शोभा झाली.

रचनेच्या मधोमध बेंजो पार्टी एकटी वाजवते. आम्ही छत्तीस बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची छत्तीस घरं, गप्प. मग सगळ्यांत आधी आम्ही सेकंड व्हायोलिनवाले शिरतो, अगदी हळू. तेव्हा बाकी कुणी नसतं, लपायला जागा नाही. मी एकतिसाव्या बारलाच शिरले. एकटी, आणि चांगली जोरात.

बेंजोचे परब हात थांबवून म्हणाले, "काकी, घाई कित्याक? पंगत बसाची आसा अजून!"

सगळे हसले. मीही हसले.

ईशाने हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही बार मोजता ना?"

"मोजते की. आज चुकलं."

खोटं. मी आयुष्यात कधी मोजले नाहीत.

१३ जाने.

इथे तरी खरं लिहावं.

अकराव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी फि.ला आणि मला एका स्टँडवर बसवलं. गप्प बसायचे बार कसे मोजायचे तेही शिकवलं. चार ठोक्यांचा एक बार, आणि दर बारला पहिला आकडा बदलायचा, म्हणजे कितवा बार ते विसरत नाही. वन टू थ्री फोर. टू टू थ्री फोर. थ्री टू थ्री फोर. माझं लक्ष पाचाच्या पुढे टिकेना. सिस्टरची फूटपट्टी बोटांवर. तेव्हा फि. कानात म्हणाली, "तू नको मोजू गं. मी सांगीन तुला."

तेव्हापासून शिरायच्या एक बार आधी तिचा उजवा बूट माझ्या डाव्या बुटावर. दाबला, की बो, व्हायोलिनचा गज, उचलायचा. शाळा सुटली, माझी बँक, तिचं पोर्ट ट्रस्ट, दोघींची लग्नं झाली नाहीत, दोघींचे आईवडील गेले. बूट मात्र वेळेवर.

तोवर मी काय करायचे? हॉल बघायचे. कोण पेंगतंय, कुणी चपला काढून पाय वर घेतलेत, कोणती बाई नवऱ्याला कोपराने ढोसतेय. कार्यक्रम झाला की भायखळ्याला खिमा-पाव खाताना तिला सगळं सांगायचं. "आणि? आणि मग?" म्हणायची. हसून हसून ठसका लागायचा तिला.

१५ जाने.

शेजारच्या बाईंनी काल तिळगूळ पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवला होता. बेल वाजवली नाही.

सकाळी खुर्चीत बसून मोजून पाहिले. नऊपर्यंत गेले. मग समोरच्या टॉवरच्या गच्चीवर अडकलेला पतंग दिसला, आणि गेलं सगळं.

परत. अकरा.

परत. सात.

१९ जानेवारी, रविवार

आज घाबरून इतकी थांबले की बाकीचे शिरून दोन बार झाले तरी बो मांडीवरच. वाद्यवृंदाचे कंडक्टर तालमीनंतर जवळ आले. "मावशी, पुढच्या रविवारी ही जागा जमली नाही तर सुरुवात फक्त आमचे लोक करतील. तुम्ही चार बारनंतर आरामात या." फार नम्रपणे बोलले. ओरडले असते तर बरं होतं.

ईशा म्हणाली, "मी मान हलवीन ना, मावशी. माझ्याकडे बघा फक्त."

मी नको म्हटलं. तुटकच म्हटलं बहुतेक. पोरीचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या कुणाच्या खुणेवर मी आता...

चार बारनंतर आरामात. म्हणजे हौशी माणसांनी दार उघडल्यावर यायचं.

२१ जाने., मंगळवार

ग्लेंडाचा फोन. फि.ची भाची. जूनमध्ये फि.ला पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून ग्लेंडानेच तिला वसईला ठेवलंय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी एकदाच भेटले, तेव्हा हॉस्पिटलात. फि. माझ्याकडे बघून तोंड उघडत होती आणि शब्द येत नव्हता. मी दहा मिनिटांत उठले. बँकेत पेन्शनचं काम आहे म्हटलं. रविवारी. त्यानंतर सात महिने नुसते फोनवर गुड मॉर्निंगचे गुलाब पाठवत होते, तेही ग्लेंडाला.

ग्लेंडा म्हणाली, "सुनंदा आंटी, आंटीचं व्हायोलिन नुसतं पडून हाय. वाळवी लागेल. कोणाला देऊ का?"

मी विचारलं, बोलते का काही?

"नाय ओ. नाताळपासून आकडे बोलते फक्त. ते पण नीट नाय. वन टू थ्री फोर, मग परत टू टू थ्री फोर, थ्री टू थ्री फोर... असंच चालतं तासतास. डॉक्टर बोलला, क्रम बिघडलाय डोक्यातला."

 

"काही बिघडलेलं नाही," म्हटलं. "कुणाला देऊ नकोस व्हायोलिन. मी येते."

२३ जाने., गुरुवार

वसईला गेले. व्हायोलिन आणि कागद घेऊन.

फि. खिडकीपाशी खुर्चीत. केस कापलेत. मला बघितलं आणि तोंड फिरवलं. फिरवणारच.  सॉरी म्हणायचं घोकून गेले होते, ते आलंच नाही. तिच्या उजव्या हाताला, आमच्या नेहमीसारखी, स्टूल ओढून बसले. कागद खिडकीच्या कठड्यावर उभा केला. छत्तीस लिहिलंय तिथे बोट ठेवलं.

तिने मान वळवून त्या बोटाकडे पाहिलं.

मग, "वन. टू. थ्री. फोर."

आवाज जाड झालाय, जीभ अडते. पण ठोका? ठोका तसाच. मी व्हायोलिन खांद्याला लावून बसले. टेन टू थ्री फोर. बाहेर कोंबड्यांना कुणीतरी दाणे टाकत होतं, ते बघितलं. ट्वेंटी टू थ्री फोर. ग्लेंडा दारात येऊन उभी, हात पिठाचे. थर्टी. थर्टी-फाइव्ह.

मी वाट बघत राहिले. बूट आला नाही.

कसा येणार? उजवाच तर गेलाय. फि.ने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तोंडाने मोजणं चालूच. थर्टी-सेव्हन टू थ्री फोर, थर्टी-एट टू थ्री फोर. आणि मी बो मांडीवर धरून बसलेली, येड्यासारखी. तिच्या ते लक्षात आलं आणि ती हसली. तोंडाच्या एकाच बाजूने, पण ठसका लागेपर्यंत.

ग्लेंडा पाणी घेऊन धावली. "काय झालं, काय झालं?"



पाणी पिऊन झाल्यावर फि.ने डावा हात उचलून कागदावर आपटला. "वन."

पुन्हा. मग पुन्हा. पाचव्यांदा मी तिच्याबरोबर मोठ्याने मोजत होते आणि सदतिसाव्या बारला शिरले. कुणी पाय दाबला नाही.

निघताना म्हटलं, दोन तारखेला कार्यक्रम आहे. तिने खिडकीकडे पाहिलं. कळलं की नाही, कळलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदन, मग तालीम. जमलं. छत्तीस पूर्ण मोजले, ओठ हलवत. शिरले ती ईशाबरोबर, एका श्वासात. परब बेंजोवरून ओरडले, "काकी, आज गाडी टायमात!" कंडक्टरनी अंगठा वर केला. सुरुवात आमचीही.

ईशाला म्हटलं, त्या दिवशी तुटक बोलले, मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, "मावशी, पेन्सिल आहे. काही खूण करायचीय का?" मी छत्तीसच्या आकड्यावर पेन्सिलीने चष्मा रेखाटून दिला. तिला आवडला.

मग घरी येताना एक आठवलं आणि स्टेशनच्या जिन्यात थांबले. आज तालमीत कोण आलं होतं, कुणी काय केलं, मला काहीच सांगता येणार नाही. मी मोजत होते.

म्हणजे फि.ने इतक्या वर्षांत एकही हॉल पाहिला नाही. मी सांगितला तेवढाच.

३१ जाने., शुक्रवार

ग्लेंडाला फोन केला, आणशील का? म्हणाली, बीपी वर-खाली होतंय, डॉक्टर नको म्हणतो, बघते. हॉलला पंधरा पायऱ्या. परबांना विचारलं. "खुर्ची ना? बाप्पाला उचलतो आम्ही दरवर्षी, मावशीचं वजन काय!" त्यांची चार माणसं तयार. माणूस यायला हवं.

२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी तीन

सहाला कार्यक्रम. ग्लेंडाचा मेसेज सकाळपासून एकच: रात्री झोपली नाही, संध्याकाळी सांगते. अजून काही नाही. मी परत विचारलेलं नाही.

पहिल्या रांगेच्या कडेला एका खुर्चीची जागा परबांनी मोकळी ठेवलीय. दोरी बांधून.

बूट पुसले. चार वाजता निघते.

आली तर आज हॉल ती बघेल, मोजीन मी. नाही आली तर छत्तीस मोजता मोजता मला बघावंही लागेल, कोण पेंगतंय, कुणी पाय वर घेतलेत. दोन्ही एकदम कधी केलेलं नाही. पण उद्या वसईला ती विचारणार, शब्दांनी नाही तर कशाने तरी: आणि? आणि मग?