होळकरी कडे न बसवल्याची कबुली

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
यंत्रे व भांडार एकत्रीकरण कचेरी,
मध्यभारत शासन, लष्कर (ग्वाल्हेर)

विषय : मोटरबोटीच्या पंपासाठी चुकीचे कडे निवडल्याचा दोष श्री. खांबेटे यांच्याऐवजी माझ्या नावे लावण्याबाबत.

संदर्भ : श्री. खांबेटे यांना कार्यमुक्त करण्याचा आपला हुकूम, दि. ६ मार्च १९५०.

महोदय,

मी, जगदेवराव वाबळे, तिघरा तलावावरील बोटखान्याचा स्टोअरकीपर, पूर्वीच्या ग्वाल्हेर दरबारचा सव्वीस वर्षे जुना नोकर, या अर्जाद्वारे स्वतःविरुद्ध तक्रार करीत आहे. असाच अर्ज मी गेल्या आठवड्यात कचेरीत हिंदीतून दिला होता. बडे बाबू म्हणाले, "अपने ही खिलाफ अर्जी? इसका कोई फारम नहीं है," आणि त्यांनी तो परत केला. आपण मराठी जाणता, म्हणून आता रजिस्टर टपालाने थेट आपणांस लिहीत आहे. कबुली आपल्या भाषेत जरा कमी खोटी होते, असा अनुभव आहे.

१. सदर बोट दोन माणसांची. तिला बाहेर पंखा नाही. पोटातला पंप खालून पाणी ओढतो व मागे जोराने फेकतो, त्या धक्क्याने ती पळते. पंपात एक पंखा व त्याभोवती पितळी कडे असते. दोहोंमध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असली की पाणी मागे न जाता आतल्या आत घुटमळते. लढाईपूर्वी अशी एक बोट ग्वाल्हेर दरबारने घेतली, म्हणून दुसरी इंदूर दरबारने घेतली. विलीनीकरणानंतर इंदूरची बोट मोडीत निघाली व तिचे सुटे भाग आमच्या भांडारात आले. त्यांच्यासोबत मिस्त्री श्री. गोपाळकृष्ण खांबेटेही आले.

२. आपल्या पाहणीपूर्वी पंप उघडला, तेव्हा जुने कडे वाळूने खरवडलेले निघाले. भांडारात दोन कडी होती. ग्वाल्हेरचे एकदा वापरून काढलेले. इंदूरचे कोरे, तेलकट कागदात, वर होळकर सरकारचा शिक्का. खांबेटे म्हणाले, "वाबळेसाहेब, इंदूरचं बघा, बरोबर बसतंय." मी स्वतः पोस्टकार्ड घालून पाहिले होते. आमच्या कड्यात दोन पोस्टकार्डे सहज गेली. तरीही मी हुकूम दिला की शिंद्यांच्या बोटीच्या पोटात होळकरांचे कडे जाणार नाही. माझे पणजोबा होळकरांशी लढताना पडले, असे आमच्या घरात सांगतात. वास्तविक दोन्ही कडी एकाच विलायती कारखान्यातली, हे मला पक्के ठाऊक होते. एका फेरीपुरते चालेल, असा मी विचार केला. अंगात माज होता, दुसरे काही नाही.

३. पुढचे आपणांस माहीत आहे, कारण बोटीत आपण स्वतः होता. इंजिन गर्जत राहिले व बोट जागची हलेना. मग वाऱ्याने ती वाहत गेली, काठच्या म्हशी पोहत पुढे निघून गेल्या आणि आपली टोपी पाण्यात पडली. टोपीचा दोषही माझ्याच नावे लावावा.

४. काठावर आपण एवढेच विचारलेत की कडे कोणी बसवले. खांबेटे म्हणाले, "मी." ते खरेच होते. निवडले कोणी, हे कोणी विचारले नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि फाटकाकडे पाहत राहिलो. त्या गप्प राहण्याला आज बावीस दिवस झाले. दरम्यान मिस्त्री व स्टोअरकीपर या दोन जागांची एक करून ती "अनुभवी व निष्ठावान" म्हणून मला दिली गेली. मला धड पाना धरता येत नाही. आमच्या मंदाबाई, म्हणजे माझी पत्नी, म्हणाल्या, "दुसऱ्याची चूल विझवून मिळालेली खुर्ची ती. बसा आता मांडी घालून." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

५. गेल्या रविवारी मी चौकीदाराला हाताशी धरून इंदूरचे कडे बसवले. खांबेटे ज्याला पाऊण तास लावतात, त्याला मला दिवस लागला. बोट पैलतीराला जाऊन परत आली.

खांबेटे यांना ३१ तारखेस क्वार्टर सोडायचे आहे. त्यांच्या पत्नी पद्माबाईंचे दिवस भरत आले आहेत व इंदुरात आता त्यांचे कोणी नाही. तरी त्यापूर्वी हुकूम रद्द करून जागा त्यांना द्यावी व मला कमी करावे. माझी दोन वर्षांवर आलेली पेन्शन गेली तरी माझी तक्रार नाही.

काल ते माझ्या बढतीचे पेढे घेऊन शिंदे की छावनीतल्या माझ्या घरी निरोप घ्यायला आले. साहेबांना खरे का सांगितले नाहीत, असे मी विचारले. म्हणाले, "तुमची पेन्शन जवळ आलीय. मला कुठंही काम मिळेल." मग वाकून पाया पडले. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "सुखी राहा, कल्याण होईल." आशीर्वाद देणारा माणूस खोटा निघाला, महोदय. आशीर्वाद खरा करणे आता आपल्या सहीवर आहे.

आपला अपराधी सेवक,
जगदेवराव वाबळे
शिंदे की छावनी, लष्कर
दि. २४ मार्च १९५०

सोबत :
(१) ग्वाल्हेरचे झिजलेले कडे, फडक्यात बांधून.
(२) चौकीदाराचा जबाब, अंगठ्यासह.
(३) नव्या जागेवरील माझ्या नेमणुकीचा हुकूम, मूळ प्रत, परत.