तळाला टेकलेला पाय

ता. ९, सोमवार

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी पत्र वाच. इकडे सगळं बरं आहे. तुझी बायकापोरंही बरी असणार. नसती तर तुझा फोन आला असता, कारण रडायचं असलं की तुला ताई बरोबर आठवते.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "हो ताई, बघू ताई, गिऱ्हाईक आलंय ताई." कागदाला गिऱ्हाईक येत नाही. टायरवाला तुझ्याच बाजूला चालला आहे, त्याच्या हाती देते. गॅरेजात चारचौघांसमोर फोडू नकोस. तुझं गॅरेज आणि न्हाव्याचं दुकान सारखंच.

काम एवढंच. बुधवारी तुझे दाजी गाडी घेऊन तुझ्याकडे येतील आणि म्हणतील, डबी उघड. ट्रकचा वेग बांधायला सक्तीने बसवलेली ती डबी. तू उघडायची नाही. म्हणायचं, नव्या पद्धतीची आहे, सील आहे, माझ्याच्याने होत नाही. खोटं कसं बोलायचं ते तुला शिकवायची गरज पडणार नाही.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या तूच उघडल्या आहेस. त्या गाड्या बाजाराच्या फाटकावर आधी लागतात, आणलेला माल उतरवून परतीचा चांगला माल उचलून निघूनही जातात, आणि दाजी ऐंशीच्या वेगाने रांगत पोचतात तोवर उरलंसुरलं. परवा एक नवा ड्रायव्हर त्यांना म्हणाला, "काका, गाडी ढकलत आणलीत का?" सगळ्यांबरोबर हेही हसले. घरी येऊन ताटावरून तसेच उठले. तेव्हा मला काही कळत नाही असं समजू नकोस.

पण नाही म्हणजे नाही. पकडलं तर दंड. मालक कटकट्या. डिझेल जास्त जळतं, टायर झिजतात. आणखी कारणं हवी असतील तर सांग, सुचतील तशी पाठवते.

मी हल्ली दाजींबरोबर गाडीत जाते, हे तुला कोणीतरी सांगितलंच असेल. थोरली सासरी गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून जाते. दुसरं काही नाही. त्या सीटवर बसून माझी पाठ धरते, तरी जाते.

उत्तर टायरवाल्याबरोबरच पाठव. "बघू" असं लिहिलंस तर खबरदार.

ताई


ता. १०, मंगळवार

धाकट्या,

चिठ्ठी मिळाली. आशीर्वाद कालचेच चालव.

"दाजींनी मला हाताला धरून गाडी शिकवली, त्यांना नाही कसं म्हणू? आणि ताई, तू वेगाला घाबरतेस." असं लिहितोस. मी? लग्न झाल्यावर नव्याने गाडीत बसले तेव्हा डबीबिबी काही नव्हती. डोंगर उतरताना माझा पदर खिडकीबाहेर फडफडायचा आणि मीच म्हणायचे, "अहो, तो पुढचा फार मिजाशीत चाललाय, त्याला मागे टाका." हे टाकायचे. तेव्हा मला वेग शिकवू नकोस.

मी वेगाचं बोलतच नाही. पायाचं बोलते.

त्या दिवसांत दाजींचा पाय बघण्यासारखा होता. रेसच्या पेडलवर दाब दिला आहे की नुसता टेकवला आहे, बघणाऱ्याला कळायचं नाही. चढ डोळ्यांना दिसायच्या आधी पायाला कळायचा. तुला शिकवताना काय म्हणायचे आठव. पेडलखाली अंडं आहे समज. तू किती अंडी फोडलीस ते जाऊ दे.

मग डबी आली. आता कितीही दाबा, गाडी ऐंशीच्या वर जायचं नाव घेत नाही. मग कोण कशाला मोजून दाबेल? सगळ्यांनी पाय तळाला टेकवला आणि तिथेच ठेवला. गाडीला डबी सांभाळते, पाय आपला झोपलेला. दोन ट्रक शेजारी शेजारी, दोघांचेही पाय तळाला, कोणी कोणाच्या पुढे जात नाही, आणि मागचे सगळे बोंबलतात. हे तू रोज बघतोस आणि हसतोस. मी मात्र आत बसून दाजींचा पाय बघते. घरातून निघालं की तळाला टेकतो तो थांबेपर्यंत फळीसारखा तसाच. तो पायच आता वेगळा झाला आहे, धाकट्या. तू डबी काढशील, पण अंडं परत ठेवता येणार आहे का तुला? तू गाडीखाली झोपून काम करतोस, तुला हे दिसायचं नाही.

मी हे दाजींना सांगितलं. म्हणाले, "पाय माझा आहे की तुझा?"

आणि एक. कधी कधी त्यांचं लक्ष जातं. बोलता बोलता. वय झालं की होतं तसं माणसाचं. त्यात लिहिण्यासारखं फार नाही.

पुढची ओळ मी खोडली आहे. उजेडाला धरून वाचत बसू नकोस. गॅरेजात जा आणि उद्या सांगितलं तसं कर.

ताई


ता. १२, गुरुवार

तू डबी उघडलीस.

बाकी काही विचारत नाही. तुला कालही फोन लावला, आजही लावला, तू उचलला नाहीस. काल मला टाळायचं म्हणून उचलला नसशील, आज सवयीने. गाडी उभी आहे तिथेच, रस्त्याकडेच्या एका टपरीत बसून लिहिते आहे. तुझ्या बाजूला जाणारा पहिला ट्रक थांबला की त्याच्या हाती देणार.

आधी हे वाच की कोणी मेलेलं नाही. आता बाकीचं वाच.

सकाळी निघालो. दाजी खुशीत होते. गाडी जुन्यासारखी ओढत होती, आवाजसुद्धा जुना. डबी उघडलेल्या दोन गाड्यांना मागे टाकलं तेव्हा माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी तोंड फिरवलं, पण खोटं कशाला लिहू, मला पण बरं वाटलं. मग सरळ रस्ता लागला, दोन्हीकडे शेतं, आणि हे तुझी गोष्ट सांगायला लागले. "धाकट्याला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवला ना, तर त्याने आधी आरसा..."

आणि थांबले.

मी वळून बघितलं. हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे, समोर रस्त्यावर. पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं.

हे मी आधी पाहिलेलं आहे. खोडलेल्या ओळीत तेच होतं. पहिल्यांदा घरी झालं, हातात चहाची बशी धरून. मग गाडीत. म्हणून मी गाडीत जाते, घर खायला उठतं म्हणून नाही. परत आले की त्यांना काही आठवत नाही, जिथे थांबले तिथून पुढे बोलू लागतात. आजवर रस्ता सरळ मिळाला, गाडी ऐंशीला बांधलेली असायची, आणि मी नीट घाबरायच्या आत हे परत यायचे. कोणाला सांगायचं? मालकाला कळलं की गाडी गेली. तुला कळलं की गॅरेजाला कळलं. त्यांना सांगावं तर ते ज्या गोष्टीत नव्हतेच ती त्यांना कशी सांगणार? म्हणून दंड नि डिझेल लिहीत बसले.

आज काटा ऐंशीवर थांबला नाही. पाय तळाला होता, आणि अडवायला काही नव्हतं. "अहो" म्हटलं, खांदा हलवला, थोबाडीत मारली, हो, मारली. पाय लोखंडासारखा. मग खाली वाकले, दोन्ही हातांनी पोटरी धरली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून पाय ओढला. निघाला. हँडब्रेक ओढला, वर येऊन स्टिअरिंगला हात घातला, आणि समोर एक दूधवाला. सायकल, दोन्ही बाजूंना किटल्या. त्याने आमच्याकडे बघून हात हलवला, आणि मग स्वतःच सायकलसकट नाल्यात उडी टाकली. गाडी रस्ता सोडून मातीत उतरली, गचके खात बंद पडली.

"...स्वतःकडे फिरवला, भांग बघायला," दाजी म्हणाले आणि हसले.

मग बाहेर बघून म्हणाले, "गाडी खाली का उतरवलीस?"

"तुम्ही नव्हता," मी म्हटलं.

"नव्हतो म्हणजे? मग गाडी कोण चालवत होतं?"

"कोणीच नाही."

ते चिडले. म्हणाले, तू घाबरलीस आणि ब्रेक ओढलास, तुझ्या भावाने डबी उघडली ते तुला पहिल्यापासून खुपतंय, बाईमाणसाला गाडीत घेतलं की हेच व्हायचं. मी गप्प ऐकलं. मी गप्प ऐकलं म्हणजे काय समज.

तेवढ्यात दूधवाला वर आला. कमरेपर्यंत चिखल, हातात सायकलचा पंप, मारायलाच आला होता. हे खाली उतरले, हात जोडून म्हणाले, "बायकोने ब्रेक ओढला हो, तिला कळत नाही." दूधवाला म्हणाला, "ब्रेकचं नंतर सांगा. हॉर्न का दिला नाही? मी तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून हात हलवला. तुम्ही माझ्याकडेच बघत होता."

हे म्हणाले, "मी तुम्हाला पाहिलंच नाही."

बोलले, आणि स्वतःचंच बोलणं त्यांनी ऐकलं. तो रस्ता बघ कधीतरी, धाकट्या. झाड नाही, वळण नाही, एवढा मोठा माणूस सायकलवर. दूधवाल्याचा पंप धरलेला हात खाली आला. त्याने ह्यांना पाणी दिलं. ज्याला आम्ही मारणार होतो त्याने.

मग दाजी गाडीला वळसा घालून गेले आणि माझ्या सीटवर चढून बसले. गाडी हाती आल्यापासून त्या बाजूने ते कधी चढले नव्हते. पायरी कुठे आहे तेही त्यांना चाचपावं लागलं.

आता तुझं काम. मालकाला मी टपरीच्या मागे जाऊन फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने आधी मालाचं विचारलं, मग माणसाचं. दुसरा ड्रायव्हर पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, माझा भाऊ येतो आहे. तुला न विचारता म्हटलं. तू येणार आहेस.

येताना डबीचं सामान आण आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बांध. लपूनछपून आपण तिघांनीही पुष्कळ केलं, आता पुरे. "दाजी, काय झालं, कसं झालं" असलं विचारू नकोस. स्टिअरिंगवर बस. बाजाराच्या अलीकडे मोठा दवाखाना आहे, गाडी आधी तिकडे घ्यायची, माल थांबेल. ते नाही म्हणतील, ओरडतील, मालाची सबब सांगतील. ऐकायचं नाही. स्टिअरिंगवर असेल त्याचा शब्द, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं, हा त्यांचाच नियम आहे आणि त्यांनी तो मला, तुला, सगळ्यांना लावला. आज शब्द तुझा आहे. तो नीट वापर.

मी तुझ्यावर रागावलेले नाही असं लिहिणार होते. रागावले आहे. दोन थोबाडीत आहेत तुझ्या नावाच्या, एक त्यांना दिली ती धरून. पण त्या नंतर. तुला मी पुरतं सांगितलं नाही, हेही मला कळतं, तू सांगायची गरज नाही.

आत्ता त्यांनी गाडीच्या खिडकीतून विचारलं, "कोणाला लिहितेस?" मी म्हटलं, धाकट्याला, गाडी न्यायला बोलावते आहे. त्यांनी मांडीवरच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "त्याला लिही, सावकाश ये म्हणावं."

त्यांचा निरोप लिहिला आहे.

तुझी वाट बघत रस्त्यावर बसलेली,
ताई